दुसरा न्यूज सर्व्हर जोडला आणि वाचलेलं सगळं पुन्हा ‘नवीन’ झालं! असं का होतं?

गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ रोजी यूजनेटचा, म्हणजे जगभरच्या सर्व्हरांवर पसरलेल्या जुन्या चर्चा-जाळ्याचा, नवा मजकूर घेणं आणि पाठवणं बंद केलं. जुना साठा तिथे शोधता येतो. नवं काही वाचायचं किंवा लिहायचं असेल, तर आता स्वतःचा न्यूजरीडर (तो मजकूर वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर) आणि न्यूज सर्व्हरचं खातं लागतं. ब्राउझरमध्ये फुकट चालायचं ते हातानं जोडायची वेळ आली. पहिला सर्व्हर सहज जोडला जातो. हवा तो ग्रुप तिथे नसतो, म्हणून दुसरा जोडतात, कधी तिसराही. आणि मग तक्रारी सुरू होतात. वाचलेले लेख पुन्हा ठळक अक्षरांत दिसतात. एखाद्या ग्रुपमध्ये आठवडाभर काहीच येत नाही. मथळा दिसतो, पण उघडला की ‘लेख नाही’ म्हणतो. पाठवलेलं दोनदा उमटतं.

वरवर या चार वेगळ्या बिघाडांसारख्या वाटतात, पण यातल्या बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

आधी थोडी मांडणी

यूजनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांची. पुढच्याच वर्षी ते सुरू झालं. विषयवार चर्चेच्या जागांना न्यूजग्रुप म्हणतात, आणि त्यात टाकलेल्या प्रत्येक मजकुराला लेख; मग तो दोन ओळींचा का असेना. याला मुख्यालय नाही. जगभरचे सर्व्हर आपल्याकडे आलेला लेख शेजारच्या सर्व्हरला देतात, तो पुढच्याला देतो. लेख कुठून कुठे फिरला याची नोंद लेखाच्या डोक्यावरच्या ‘पाथ’ या ओळीत होत जाते, त्यामुळे ज्याच्याकडून तो आधीच गेला आहे त्याच्याकडे परत पाठवला जात नाही.

न्यूजरीडर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ती एनएनटीपी. ती १९८६ मध्ये ठरली आणि २००६ मध्ये सुधारून पुन्हा लिहिली गेली. साध्या जोडणीसाठी पोर्ट (सर्व्हरचा क्रमांक दिलेला दरवाजा) ११९, कूटबद्ध जोडणीसाठी ५६३. एवढं सामान पुढच्या सगळ्या वाटेला पुरतं.

नंबर सर्व्हरचा, आयडी लेखाचा

दादरला डिसेंबर २०२३ पर्यंत ‘एक नंबर’ दोन होते, एक वेस्टर्नचा आणि एक सेंट्रलचा. ‘एक नंबरवर उभा आहे’ असं कुणी फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: कुठल्या लाइनचा? मग सेंट्रलच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर मिळाले. फलाट जागचे हलले नाहीत, गाड्या त्याच होत्या, बदलला तो फक्त वरचा आकडा. तरी जुन्या आकड्याच्या भरवशावर आलेला माणूस चुकीच्या जागी पोचायचाच.

यूजनेटवरच्या लेखांचे नंबर असेच असतात. लेख सर्व्हरवर आला की तो सर्व्हर त्या ग्रुपमधला पुढचा क्रमांक त्याला देतो. तोच लेख एका सर्व्हरवर ४१,२०५ असेल, दुसऱ्यावर ९,८७,३३०. दोन्ही बरोबर, कारण तो आकडा सर्व्हरच्या घरचा आहे. लेखाची स्वतःची, जगभर एकच राहणारी ओळख वेगळी असते. तिला मेसेज-आयडी म्हणतात. कोनी कंसात, मधोमध ‘अॅट’चं चिन्ह असलेली, ईमेल पत्त्यासारखी दिसणारी ती ओळ. लेख कुठल्याही सर्व्हरवर गेला तरी ती बदलत नाही.

आता अडचण अशी, की तुम्ही काय वाचलंत हे बहुतेक न्यूजरीडर मेसेज-आयडीने लक्षात ठेवत नाहीत, नंबराने ठेवतात. त्यासाठी ‘न्यूजआरसी’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात दर ग्रुपला एक ओळ, उदाहरणार्थ:

कॉम्प.लँग.सी: १-१२५०,१२५३

याचा अर्थ १ ते १२५० वाचले, १२५१ आणि १२५२ राहिले, १२५३ वाचला. ग्रुपच्या नावानंतर अपूर्णविराम असेल तर ग्रुप तुमच्या यादीत आहे, उद्गारचिन्ह असेल तर नाही. (प्रत्यक्ष फाइलमध्ये हे सगळं रोमन लिपीत आणि रोमन अंकांत असतं.) लाखो लेखांची नोंद चार आकड्यांत मावते, म्हणून ही युक्ती इतकी वर्षं टिकली. पण हे आकडे कुठल्या सर्व्हरचे, ते त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं.

दोन उलटी लक्षणं, कारण एकच

समजा जुन्या सर्व्हरवर तुम्ही १२५३ पर्यंत आला होता. तुम्ही सर्व्हरचा पत्ता बदललात, पण फाइल तीच राहिली. नव्या सर्व्हरवर त्याच ग्रुपचे नंबर दोन लाखांच्या घरात आहेत. न्यूजरीडर हिशेब करतो: १२५३ च्या पुढचं सगळं नवीन. झाले हजारो लेख ठळक.

उलटं झालं तर जास्त फसगत होते, कारण काही बिघडलंय हेच कळत नाही. जुन्या सर्व्हरवर ५०,००० पर्यंत वाचलेलं होतं आणि नव्यावर ग्रुप १ ते १,२०० एवढाच आहे. न्यूजरीडरच्या दृष्टीने ते सगळं वाचून झालेलं. ग्रुप शांत दिसतो, तुम्हाला वाटतं चर्चाच मेली, आणि तिकडे लोक रोज लिहीत असतात. पत्ता न बदलताही हे घडू शकतं: सर्व्हर चालवणाऱ्यांनी डिस्क बदलली किंवा साठा नव्याने उभारला आणि नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले, की तुमची फाइल जुन्या दादरच्या भरवशावर राहते.

उपाय सोपा, पण क्रम पाळायला हवा. न्यूजरीडर पूर्ण बंद करा, कारण बंद होताना तो फाइल पुन्हा लिहितो आणि तुमची दुरुस्ती पुसून टाकतो. फाइलची प्रत काढा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्या ग्रुपच्या ओळीतले आकडे पुसा. नाव आणि अपूर्णविराम राहू द्या. न्यूजरीडर सुरू करून मथळे पुन्हा मागवा. आता सगळं न वाचलेलं दिसेल. मग ‘तारखेनुसार वाचलेलं धरा’ अशा अर्थाची आज्ञा वापरून गेल्या आठवड्याआधीचं सगळं वाचलेलं करून टाका. थंडरबर्ड या न्यूजरीडरमध्ये ही आज्ञा आहे, आणि न्यूजआरसी फाइल नेमकी कुठे आहे तो मार्गही त्या खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये दिसतो. ग्रुप यादीतून काढून पुन्हा घेतला तरी अनेकदा भागतं.

तुमचा न्यूजरीडर सर्व्हर कसे मांडतो?

नवा सर्व्हर आला की जुन्या खात्यातला पत्ता बदलू नका, नवं खातं उघडा. निम्मा त्रास इथेच टळतो, कारण प्रत्येक खात्याची न्यूजआरसी वेगळी राहते.

थंडरबर्ड प्रत्येक सर्व्हरला वेगळं खातं मानतो. एकच ग्रुप दोन सर्व्हरवरून घेतला तर तो दोनदा दिसतो, एकीकडे वाचलेला लेख दुसरीकडे ठळकच राहतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. म्हणून थंडरबर्डमध्ये एक ग्रुप एकाच सर्व्हरवरून घ्यावा. पॅन हा न्यूजरीडर याच्या उलट आहे. तो सगळ्या सर्व्हरचे ग्रुप एका यादीत मिसळतो, लेख मेसेज-आयडीने ओळखतो आणि एका सर्व्हरवर नसलेला लेख दुसऱ्याकडून आणतो. आतमध्ये प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी न्यूजआरसी ठेवतोच. त्यात एक सर्व्हर ‘प्रायमरी’ आणि दुसरा ‘फॉलबॅक’ असा दर्जा देता येतो. खरोखर दोन-तीन सर्व्हर एकत्र वापरायचे असतील तर पॅनच जास्त सोयीचा. ईमॅक्स या एडिटरमधला ग्नस हा न्यूजरीडर दुय्यम सर्व्हरवरच्या ग्रुपच्या नावापुढे सर्व्हरचं नावच जोडतो. दिसायला अवजड, पण गोंधळ होत नाही. टिन हा न्यूजरीडर वापरणाऱ्यांनी ‘न्यूजआरसीटेबल’ ही फाइल भरावी, तिच्यात कुठल्या सर्व्हरला कुठली न्यूजआरसी हे लिहायचं असतं.

पॅनमध्ये एक खोडा मात्र आहे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जुने लेख किती काळाने गाळायचे ते विचारलेलं असतं. दोन आठवडे निवडलेत तर पंधरा दिवसांपूर्वीचे मथळे तुमच्याच संगणकावरून जातात आणि दोष सर्व्हरच्या माथी येतो.

जोडताना पाहायच्या गोष्टी

मजकुराच्या ग्रुपसाठी इटर्नल सप्टेंबर हा मोफत सर्व्हर पुरेसा आहे. नोंदणी करावी लागते, फाइली वाटण्याचे ग्रुप तिथे नाहीत. सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या मेलिंग लिस्ट न्यूजग्रुपसारख्या वाचायच्या असतील तर जीमेन हा सर्व्हर. त्याचा पत्ता २०२० पासून ‘डॉट ऑर्ग’ऐवजी ‘डॉट आयओ’ आहे, आणि जुना पत्ता तसाच ठेवलेले आजही ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणून कपाळाला हात लावतात. या दोघांचे ग्रुप एकमेकांत फारसे येत नाहीत, त्यामुळे जोडी चांगली जमते.

कूटबद्ध जोडणी निवडली की पोर्ट ५६३ झालाय ना ते पाहा. साधी जोडणी आणि पोर्ट ५६३ अशी सरमिसळ झाली की न्यूजरीडर काहीच न बोलता लटकतो, कारण दोघंही दुसऱ्याने आधी बोलण्याची वाट पाहत बसतात. सर्व्हर ग्रुपची अर्धीच यादी देत असेल तर ‘जोडताना नेहमी ओळख मागा’ हा पर्याय लावा. काही सर्व्हर नाव-पासवर्ड दिल्याशिवाय सगळे ग्रुप दाखवत नाहीत आणि स्वतःहून पासवर्ड विचारतही नाहीत. लिहिताना एचटीएमएल बंद, अक्षरसंच यूटीएफ-८. हे दर खात्याला वेगळं करावं लागतं. पहिल्या खात्यावर केलं म्हणून दुसऱ्यावर आपोआप होत नाही, आणि मग तुमचं देवनागरी कुणाकडे प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखं पोचतं.

बीकेसी किंवा अंधेरीच्या ऑफिसातून जोडत असाल तर ११९ आणि ५६३ दोन्ही दरवाजे बहुधा बंद असतील. व्यावसायिक सर्व्हरांपैकी काही ४४३ वरही उत्तर देतात. ऑफिसच्या नियमांत बसतं का, ते मात्र आधी विचारा.

आकड्यांत लिहिलेली उत्तरं

न्यूजरीडर जी चूक दाखवतो तिच्या सुरुवातीला तीन अंकी आकडा असतो. लोक तो सोडून पुढचं इंग्रजी वाचतात. आकडा जास्त कामाचा, कारण पुढचे शब्द प्रत्येक सर्व्हर आपल्या मनाने लिहितो.

सगळ्यात उपयोगी जोडी ४२३ आणि ४३०. ४२३ म्हणजे ‘या ग्रुपमध्ये या नंबरचा लेख नाही’. ४३० म्हणजे ‘या मेसेज-आयडीचा लेख माझ्याकडे नाही’. पहिल्यात तुमच्याकडचे नंबर शिळे झाले असण्याची शक्यता मोठी, म्हणून मथळे पुन्हा मागवायचे. दुसऱ्यात नंबरांचा संबंधच नाही; लेख त्या सर्व्हरवर आलाच नाही किंवा मुदत संपून गेला, म्हणून दुसऱ्या सर्व्हरला विचारायचं. या दोन आकड्यांतला फरक कळला की रात्री अकराला न्यूजरीडर काढून पुन्हा टाकायची वेळ येत नाही.

४११ म्हणजे तो ग्रुपच या सर्व्हरवर नाही. ४८० म्हणजे आधी ओळख द्या, ४८१ म्हणजे दिलेली ओळख चुकली. ४८३ आला तर सर्व्हरला कूटबद्ध जोडणी हवी आहे. जोडताना २०० ऐवजी २०१ मिळाला तर वाचता येईल, लिहिता येणार नाही. ४४० म्हणजे लिहायला बंदी. ४४१ म्हणजे लेख नाकारला. इथे मात्र पुढचे शब्द वाचाच, कारण नकाराचं कारण तिथेच असतं. संगणकाची तारीख पुढे गेलेली असणं हे त्यातलं एक. चुकलेल्या तारखेने कूटबद्ध जोडणीचं प्रमाणपत्रही अवैध ठरू शकतं, म्हणून दोन्ही चुका एकदम दिसल्या तर आधी घड्याळ पाहा.

न्यूजरीडर काहीच सांगत नसेल तर सर्व्हरशी थेट बोला. टर्मिनलमध्ये ओपनएसएसएल या कूटबद्ध जोडणीच्या साधनातल्या ‘एस_क्लायंट’ने सर्व्हरच्या ५६३ पोर्टला जोडा आणि ‘सीआरएलएफ’ हा पर्याय जरूर लावा, कारण एनएनटीपीला ओळीचा शेवट तसाच लागतो. ‘ऑथइन्फो’ने नाव-पासवर्ड दिलंत की ‘ग्रुप’ ही आज्ञा आणि ग्रुपचं नाव टाइप करा. उत्तर साधारण असं येईल:

२११ ८७० ४१२०१ ४२०७५ कॉम्प.लँग.सी

पहिला आकडा ‘ठीक आहे’, दुसरा लेखांची अंदाजे संख्या, तिसरा सर्वांत जुन्या लेखाचा नंबर, चौथा सर्वांत नव्याचा. हे शेवटचे दोन तुमच्या न्यूजआरसीतल्या ओळीशेजारी ठेवा. वाचलेल्याची हद्द ४२०७५ च्या पुढे गेली असेल, तर फाइल दुसऱ्या सर्व्हरची किंवा दुसऱ्या काळाची आहे. याहून नेमकी तपासणी नाही.

घरी चालतं, लोकलमध्ये ५०२ येतो

५०२ म्हणजे परवानगी नाही. आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा ‘तुमच्या जोडण्या मर्यादेबाहेर गेल्या’ असा त्याचा अर्थ असतो. विरारहून चर्चगेटला येताना लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर वाटेत जोडणी अनेकदा तुटते. तुमच्या बाजूने ती गेली, सर्व्हरला ते कळलेलं नसतं. न बोलणाऱ्या जोडणीला किमान तीन मिनिटं तरी थांबवून ठेवावं, असं एनएनटीपीचा नियमच सुचवतो. अनेक सर्व्हर त्याहून जास्त थांबतात. म्हणजे चार जोडण्यांची परवानगी असेल आणि न्यूजरीडर चारही वापरत असेल, तर एकदा तुटल्यावर नव्या जोडणीला जागा उरत नाही.

मजकूर वाचायला सर्व्हरमागे एक-दोन जोडण्या भरपूर होतात. परवानगी वीसची असली तरी दोनच लावा. शिवाय काही व्यावसायिक सर्व्हर एका खात्याला एका वेळी एकाच आयपी पत्त्यावरून येऊ देतात. घरचा डेस्कटॉप चालू ठेवून तुम्ही ट्रेनमधून त्याच खात्याने शिरलात, की दोघांपैकी एकाला दार बंद.

एकच ग्रुप, मग लेख कमी-जास्त का?

प्रत्येक सर्व्हर लेख किती दिवस ठेवायचे ते स्वतः ठरवतो. स्पॅमची चाळणीही प्रत्येकाची वेगळी. एकीकडे ८७० आणि दुसरीकडे १,४०० लेख दिसले तर मधले ५३० हरवले असं समजू नका. त्यात जुनेही असतील आणि जाहिरातीही.

मूळ लेख एका सर्व्हरवर नसेल आणि उत्तरं असतील, तर चर्चेचा धागा तुटलेला दिसतो. धागा जोडला जातो तो ‘रेफरन्सेस’ या ओळीतल्या मेसेज-आयडींवरून. ती ओळ उघडून पहिला आयडी घ्या आणि दुसऱ्या सर्व्हरवर शोधा. नंबर घेऊन गेलात तर भलताच लेख हाती येईल.

पाठवलेलं दिसत नाही, की दोनदा दिसतं?

२४० मिळाला म्हणजे तुमच्या सर्व्हरने लेख घेतला. दुसऱ्या सर्व्हरवर पोचायला काही मिनिटं लागू शकतात. ग्रुप नियंत्रित असेल, म्हणजे लेख आधी एखादी व्यक्ती वाचून मंजूर करत असेल, तर २४० नंतरही लेख लगेच दिसणार नाही. तो ईमेलने नियंत्रकाकडे गेलेला असतो. अशा वेळी घाईने दुसऱ्या सर्व्हरवरून पुन्हा पाठवू नका.

दोनदा उमटण्याचं कारण असं. ‘पाठवा’ दाबलं, जोडणी तुटली, उत्तर आलं नाही, पुन्हा दाबलं. मेसेज-आयडी न्यूजरीडरने स्वतः घातला असेल आणि दोन्ही वेळा तोच असेल, तर सर्व्हर दुसरी प्रत ओळखून नाकारतो. आयडी घालायचं काम सर्व्हरवर सोडलेलं असेल, तर त्याला हे दोन वेगळे लेख वाटतात आणि दोन्ही जगभर जातात. आपल्या न्यूजरीडरमध्ये आयडी कोण घालतो ते पाहून ठेवावं. रद्द करण्याचा निरोप पाठवता येतो, पण अनेक सर्व्हर तो मानत नाहीत.

मग एकच सर्व्हर ठेवला तर?

तीन-चार मजकुराचे ग्रुप वाचणाऱ्याने खुशाल एकच ठेवावा. दुसरा जोडायचं खरं कारण दोनच: ग्रुप पहिल्याकडे नसणं, किंवा लेख वारंवार गहाळ असणं. दुसऱ्या कारणासाठी जोडताना एक गोष्ट पाहा. विकत मिळणाऱ्या अनेक सेवा मागे एकाच घाऊक साठ्यावर चालतात. दोन वेगळ्या नावांची वर्गणी भरूनही साठा एकच निघाला, तर पहिल्याकडे नसलेला लेख दुसऱ्याकडेही नसतो. पाच हजारांहून अधिक दिवसांच्या साठवणीची जाहिरात ही प्रामुख्याने फाइलींच्या ग्रुपांसाठी असते. तिथला बराच माल प्रताधिकाराचा भंग करणारा असतो. मजकूर वाचणाऱ्याला तिकडे पैसे घालायची गरज नाही.

मृत सर्व्हर मात्र यादीतून काढाच. मायक्रोसॉफ्टने आपले न्यूजग्रुप २०१० मध्ये बंद केले, तरी जुन्या संगणकावरून आणलेल्या प्रोफाइलमध्ये तो पत्ता अजून सापडतो. न्यूजरीडर दर वेळी सुरू होताना त्याला हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहत थांबतो; लोक समजतात संगणक मंद झाला.

आणि ज्यांना खरोखर अनेक सर्व्हर हवेतच, त्यांच्यासाठी लीफनोड आहे. हा घरच्या लिनक्स संगणकावर चालणारा छोटा न्यूज सर्व्हर. तो बाहेरच्या अनेक सर्व्हरांकडून लेख आणतो, मेसेज-आयडी पाहून दुबार प्रती टाळतो आणि प्रत्येक लेखाला स्वतःचा नंबर देतो. तुमचा न्यूजरीडर फक्त त्याच्याशी बोलतो, त्यामुळे बाहेरचा सर्व्हर बदलला किंवा त्याने नंबर नव्याने लावले तरी तुमची न्यूजआरसी जशीच्या तशी चालते. ‘फेचन्यूज’ ही त्याची आज्ञा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय) तासाला एकदा लावावी. सुरुवातीला प्रत्येक ग्रुप एकदा उघडून पाहावा लागतो, कारण कुणी न वाचलेला ग्रुप लीफनोड आणतच नाही. पहिल्या वेळी दिसणारा एकुलता एक लेख त्याने स्वतःच ठेवलेली सूचना असते, खरे लेख पुढच्या फेरीत येतात.